पाठकोरा रिपोर्ट

"पेढा घ्या मॅडम. नाही म्हणायचं नाही."

बाबालालचाचांनी खोका माझ्या टेबलावर ठेवला, तोही थेट मशीनच्या वायरींवर. रिपोर्ट हातात पडून वीस मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात ते बाजारात जाऊन आले होते. साठीचा माणूस, पांढरी टोपी, बोटांच्या पेरांत लाखेचा तपकिरी रंग मुरलेला. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचा कारखाना होता. आजोबांपासूनचा.

"आमच्या घरात बहिरं पोर म्हणजे काय, तुमाला नाही कळायचं," ते म्हणाले. "तीन महिने धड जेवलो नाही मी. आता लिहून दिलंत न्हवं? कान शंभर टक्के?"

"दोन्ही कान व्यवस्थित आहेत," मी म्हणाले.

"बघ यास्मिन! म्हणत होतो का नाही?"

त्यांची सून दाराशी उभी होती. तिच्या खांद्यावर सव्वादोन वर्षांची रुमाना औषधाच्या गुंगीत अजून झोपलेली. कपाळावर चिकटपट्टी काढल्याचा लाल चौकोन. यास्मिन पेढ्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"मॅडम, अजून काही?"

"कान उत्तम आहेत," मी पुन्हा म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला.

याला बावीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मुंबईत श्रवणतपासणीचं शिक्षण घेऊन डॉ. इनामदारांच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लागले होते. लहान मुलांची तपासणी माझ्याकडे असे. मूल झोपलं की कपाळाला आणि कानांमागे पट्ट्या लावायच्या, कानात टिकटिक सोडायची आणि मेंदूपर्यंत ती पोचते का ते पडद्यावरच्या लाटांत बघायचं. पाचवी लाट महत्त्वाची. रुमानाची पाचवी लाट अगदी बारीक आवाजालाही स्वच्छ उमटली होती. इतका सुंदर आलेख मला त्या वर्षात दुसरा मिळाला नव्हता.

पण औषध दिल्यावर ती झोपेपर्यंत पाऊण तास गेला होता, आणि तो पाऊण तास मी तिच्याजवळ बसले होते.

सवयीने मी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहीत गेले. नाव पाचदा हाकारलं, एकदाही वळली नाही. शेजारच्या खोलीत कूलरची मोटर सुरू झाली, लगेच वळली. मी कापडी कोंबडी अचानक बाहेर काढली. तिने कोंबडीकडे पाहिलं, पण इतर मुलं पाहतात तसं आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कपाटाचं दार उघडायचं, मिटायचं, फटीतून येणारा उजेड बघायचा, हे एकवीस वेळा. वरच्या फळीवरचा डबा हवा होता, तर बोट दाखवलं नाही. आईचं मनगट धरून फळीकडे ढकललं, चिमट्याने वस्तू उचलावी तसं.

"बोलते का काही?" मी विचारलं होतं.

"आधी 'दे' म्हणायची. 'चल' म्हणायची," यास्मिन म्हणाली. "दीड वर्षाची झाली आणि बंदच झालं."

आठ नोंदी झाल्या. तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचलं.

"पाटणकर, तुझी नजर बरोबर असेलही," ते म्हणाले. "पण आपण कानाचे. हे शब्द एकदा कागदावर आले की पोरीच्या कपाळावर येतात. आणि पाठवणार कुठे? मिरजेत कोण बघतं हे? दोन वर्षांची तर आहे. थांब थोडं."

"थांबण्यातच वेळ जातो सर. दोन ते पाच ही वर्षं…"

"तू निदान करणार आहेस का?"

निदान करणं माझं काम नव्हतं, हे खरं होतं. मी खोडरबर घेतलं. रिपोर्टवर टाइप केलं: दोन्ही कानांची श्रवणशक्ती सामान्य. खाली सही केली.

अकरा दिवसांनी दुपारी दोनच्या सुमाराला यास्मिन एकटीच आली. बुरख्याच्या घडीतून तिने काचेची एक फ्रेम काढली. आत माझा रिपोर्ट होता.

"हा बदलून द्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लिहा, थोडं कमी ऐकू येतं. निम्मं. पाव. तुमाला काय लिहायचं ते लिहा."

मला वाटलं, कुठल्या सवलतीसाठी हवं असेल. "असं खोटं नाही लिहिता येत."

"मग खरं लिहून काय झालं ते ऐका." ती खुर्चीवर बसली नाही. "बहिरी होती तोवर घरात तिला कुणी रागवत नव्हतं. बिचारीला ऐकू येत नाही, असं म्हणायचे. आता अब्बांनी ही फ्रेम करून कारखान्यात लावलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आणि आता तिनं हाकेला बघितलं नाही, की सगळे म्हणतात, नाटक करते. हट्टी आहे. मुद्दाम करते. नणंद म्हणते, लाडावून ठेवलीस. शेजारीण म्हणते, एक ठेवून दे, बरोबर बघंल."

तिने फ्रेम दुसऱ्या हातात घेतली.

"परवा मी ठेवून दिली. मी, मॅडम. पाच बोटं उठली गालावर. रडली, पण माझ्याकडे बघून नाही. भिंतीकडे बघून रडली. मग मी विचार केला, हिला ऐकू येतं. माझी हाक हिच्या कानात जाते. तुम्ही मशीन लावून बघितलंय. म्हणजे मीच नको आहे तिला?"

खोलीत कूलर चालू होता. मी उठून बंद केला. निदान आवाज तरी कमी व्हावा असं वाटलं.

"त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत, अजून काही," मी म्हणाले. "होतं. मी सांगितलं नाही."

तिने फ्रेम छातीशी धरली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही लिहीत होता सारखं. आणि रिपोर्ट एवढाच आला. काय होतं?"

मी तिला सांगितलं. सगळं, क्रमाने. स्वमग्नता हा शब्दही सांगितला. ठरवणं माझ्या हातात नाही, तज्ज्ञांनी पाहायला हवं, हेही सांगितलं. ती एकदाही रडली नाही. शेवटी फक्त म्हणाली, "म्हणजे मुद्दाम नाही करत."

"नाही."

"हे अब्बांना तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, माहेरचं डोकं. माझा नवरा पुण्याला वाजवणाऱ्यांकडे माल पोचवायला गेलाय. तो असला तरी अब्बांपुढं बोलत नाही. कोल्हापूरला न्यायचं का पुण्याला, ते अब्बाच ठरवणार. चला आत्ताच."

मी डॉक्टरांना विचारलं नाही. पर्स घेतली आणि तिच्या मागोमाग निघाले.

कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, कोपऱ्यात लाखेचा वास. मधोमध चटईवर बाबालालचाचा बसले होते. पुढ्यात एक नवा तंबोरा आडवा ठेवलेला, आणि त्याच्या भोपळ्याला गाल लावून रुमाना. तिचे दोन्ही हात भोपळ्याला पुरत नव्हते. चाचा तार छेडत होते. ती डोळे मिटून, अंग सैल सोडून ऐकत होती.

"या या मॅडम! बरोबर वेळेला आलात," चाचा म्हणाले. "बघा आमचं कार्टं. तासभर झाला, हललं नाही. माझं लग्न झालं तेव्हा मलासुद्धा जवारी कळत नव्हती. आणि हे बघा! बोलायला उशीर झाला म्हणून काय झालं? ज्याचा कान तयार, त्याला तोंडाची घाई नसते. आमच्यात बायका फक्त तंबोऱ्यावर घालायच्या गवसण्या शिवतात. ही पहिली बाई जवारी लावणार. लिहून ठेवा."

जवारी म्हणजे तारेखालच्या पट्टीचा उतार. तो कानशीने घासून जुळवावा लागतो, तेव्हा तारेचा आवाज खुलतो. हे त्यांनीच मला तपासणीच्या दिवशी समजावलं होतं.

भिंतीवर एक रिकामा खिळा होता. चाचांचं लक्ष त्याकडे गेलं, मग सुनेच्या हातातल्या फ्रेमकडे.

"ही कशाला काढलीस?"

"मॅडमना बोलायचंय अब्बा."

बोलायचं काय, याची मी रिक्षात चार वेळा जुळवाजुळव केली होती. तिथे बसल्यावर त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं वाटलं नाही. मी म्हणाले, "चाचा, जरा तार थांबवा."

त्यांनी तारांवर तळवा ठेवला. आवाज थांबला. रुमानाने डोळे उघडले, हात लांब केला, दोन बोटांनी त्यांचं मनगट धरलं आणि उचलून परत तारेवर नेलं.

"बघितलंत?" चाचा हसले. "हुकूम सोडते. वाजव म्हणते."

"हुशार आहे, त्यात वादच नाही. तिनं तुमच्याकडे पाहिलं का?"

"माझ्याकडं कशाला बघायचं? माझ्या थोबाडात काय तार बसवलीय?"

"पुन्हा एकदा करा."

पुन्हा तळवा, पुन्हा दोन बोटं, मनगट, तार. तिची नजर तारेवरच.

"आता तुम्ही उठा. इथे यास्मिनला बसू दे."

ते कुरकुरत उठले. यास्मिन बसली आणि तिने तारांवर तळवा ठेवला. रुमानाने तिचं मनगट तसंच धरलं, तसंच उचललं. यास्मिनला तार नीट छेडता आली नाही, पण रुमानाला तेवढंही चाललं.

"आता मी बसते," मी म्हणाले.

माझा तळवा तारांवर पडला. माझी आणि त्या मुलीची ओळख पाऊण तासाची, तीही अकरा दिवसांपूर्वीची. तिने माझं मनगट धरलं. तीच दोन बोटं, तेवढाच जोर, आणि नजर तारेवर. मी हात सैल सोडला. तिने तो उचलून जागेवर ठेवला आणि वाट पाहत राहिली.

चाचा उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुमाला ओळखत पण नाही ती," ते म्हणाले.

"नाही."

"परक्या माणसाला बघून पोरं बुजतात. आमचा तौफिक तर पोस्टमनला बघून रडतोय." तौफिक त्यांच्या धाकट्या मुलाचा मुलगा, रुमानाहून तीन महिन्यांनी लहान. "आणि ही… माझा हात काय, तुमचा हात काय."

रुमानाने माझा हात पुन्हा एकदा हलवला. मी तार छेडली.

"तुम्ही तिला नको आहात, असं नाही चाचा," मी म्हणाले. "हाताच्या मागं माणूस असतो, हे इतर पोरांना आपलं आपण कळतं. हिला ते हळूहळू दाखवावं लागेल. कसं दाखवायचं ते शिकवणारी माणसं आहेत. तिची चूक नाही, यास्मिनची नाही, तुमची नाही. हट्ट नाही. मारून होणारं नाही."

यास्मिनने मान खाली घातली. चाचांनी ते पाहिलं. त्यांना तोवर थपडेचं माहीत नव्हतं, असं मला वाटतं. ते खाली बसले आणि त्यांनी नातीच्या गालावरून अंगठा फिरवला. तिने गाल बाजूला घेतला.

"हे तुमाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"शंका होती."

"मग पेढा कसा खाल्लात?"

"तुम्ही फार खूश होता," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि पुरेसं नव्हतं.

"आमच्याकडं लोक जुना तंबोरा घेऊन येतात," चाचा सावकाश म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "भोपळ्याला आतनं चीर गेलेली असते. बाहेरनं काही दिसत नाही, लाख चकचकीत. मी एक टिचकी मारली की मला कळतं. गिऱ्हाइकाला वाटतंय, तार बदलली की झालं. त्याला मी नवी तार लावून, हसून परत पाठवायचं? मग मी कसला कारागीर?"

"चुकलं माझं."

"चुकलं तर." त्यांनी यास्मिनकडे हात केला. "आण ती फ्रेम."

त्यांनी मागचे खिळे कानशीने उचकटले, काच बाजूला ठेवली आणि कागद काढून उलटा केला. पाठकोरा कागद. सुतारी पेन्सिल पुढे केली. "लिहा. त्या दिवशी जे लिहायचं राहिलं ते."

"पेनने लिहिते," मी म्हणाले.

मी आठही नोंदी लिहिल्या. वर तपासणीच्या दिवसाची तारीख घातली, खाली सही केली. ते म्हणाले, "वाचा." मी वाचत गेले आणि ते डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत राहिले. एखादी तार खोटी लागते का, हे ऐकावं तसं. "कपाटाचं दार एकवीस वेळा" हे वाचलं तेव्हा ते म्हणाले, "घरात खिडकी. तीच गत." एक ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली: आधी येत असलेले शब्द बंद झाले.

"मला 'दादा' पण म्हणायची," ते म्हणाले. "चारदा म्हणाली होती. मग मला वाटलं, मीच चुकून ऐकलं."

"नाही अब्बा," यास्मिन म्हणाली. "म्हणायची."

रुमाना पुन्हा भोपळ्याला गाल लावून बसली होती आणि कुणाचाच हात तारेवर नव्हता, तरी ती ऐकत असल्यासारखी दिसत होती.

"नऊ नंबर घाला," चाचा म्हणाले.

"काय लिहू?"

"हात कुणाचाही चालतो."

मी लिहिलं. ती नोंद माझ्या आठ नोंदींपेक्षा चांगली होती. पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी तिच्यावरच बोट ठेवलं.

या बाई महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी पुण्याहून कोल्हापूरला येत असत. मी कारखान्यातूनच फोन लावला. पुढचा गुरुवार भरलेला होता. मी सव्वादोन वर्षं हे वय दोनदा सांगितलं, शब्द बंद झाले हे सांगितलं, आणि पलीकडच्या बाई म्हणाल्या, सकाळी साडेआठला या, सगळ्यांच्या आधी बघतील.

"मी येणार," चाचा म्हणाले. "नऊ नंबर मी सांगणार. आणि यास्मिन…" ते थांबले. "दुपारपासनं काही खाल्लेलं दिसत नाही तू. जा, चहा टाक. मॅडमना पण."

त्या दिवशी मी चहा घेतला. पेढ्याचा विषय निघाला नाही.

नंतरची वर्षं इथे सांगत बसत नाही. कोल्हापूरच्या बाईंनी स्वमग्नता हेच नाव दिलं, सांगलीत शिकवणाऱ्या एक ताई मिळाल्या. त्यांनी घरातल्यांनाच शिकवलं: हाका मारत सुटू नका, तिच्या पातळीला खाली बसा, ती हात ओढेल तेव्हा आपला चेहरा त्या हाताजवळ न्या आणि थांबा. जबरदस्ती नको. चाचा तंबोऱ्यामागे तास-तास थांबून राहत. गिऱ्हाइकं हसत. मी सांगलीला स्वतःचा दवाखाना काढला आणि हळूहळू जाणं-येणं कमी झालं.

गेल्या डिसेंबरात यास्मिनचा फोन आला. "अब्बांना ऐकू येईना झालंय. दवाखान्यात यायचं नाव काढत नाहीत. म्हणतात, ज्या बाईनं पेढा खाल्ला तिलाच बोलवा."

मी गेले. छताला तसेच भोपळे, तोच लाखेचा वास. चाचा ब्याऐंशी वर्षांचे, खुर्चीवर. तौफिक चटईवर बसून जवारी घासत होता. रुमाना चोवीस वर्षांची, भिंतीकडे तोंड करून एका दांडीला पॉलिश करत होती. तिच्यासमोर चित्रांच्या चिठ्ठ्यांची एक पट्टी टांगलेली होती: पॉलिश, चहा, गच्ची, जेवण. मी बोलले, तिने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मॅडम. सांगली."

"जवारी नाही जमली तिला," चाचा मोठ्याने म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "तोच तोच आवाज काढायला सांगितला की चिडते. पॉलिश करते. कंटाळली की उठून गच्चीवर जाते. माझ्या त्या गप्पा होत्या सगळ्या."

मी बॅगेतून तपासणीचं छोटं मशीन काढत होते. तौफिकने तार छेडली. "दादा, जवारी उघडली का बघा."

चाचा पुढे झुकले. कानामागे तळवा धरला. आणखी झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहवेना म्हणून मी मशीनच्या वायरीकडे पाहू लागले. "पुन्हा," ते म्हणाले. तौफिकने पुन्हा छेडली. "पुन्हा."

रुमानाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

ती उठून आली. यास्मिन दाराजवळ उभी होती, तिच्यावरून पुढे गेली. माझ्यावरून पुढे गेली. तौफिकचा हात तर तारेवरच होता, तोही तिने ओलांडला. दोन बोटांनी आजोबांचं मनगट धरलं, उचललं, आणि तळवा भोपळ्यावर पालथा ठेवला. स्वतःचा तळवा त्यावर दाबला.

"वाजव," ती तौफिकला म्हणाली.

तौफिकने तार छेडली. भोपळा आतून थरथरत राहिला. चाचांनी डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उघडली."

मग त्यांनी डोळे उघडून मला शोधलं.

"मॅडम, तो कागद हाय अजून आमच्याकडं," ते म्हणाले. त्यांचा हात तिच्या हाताखालीच होता. "फ्रेमीतनं काढा. नऊ नंबर खोडा."